समजून घ्या : जिल्हा परिषदेच्या शाळेचा कारभारी नेमका कोण? ‘पुन्हा संधी द्या’ म्हणणाऱ्यांना शिरूर-दौंडने काय विचारायचे?

जून २०२२ मध्ये जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीत बसलेले मूल आज चौथीत आहे. पुणे जिल्ह्यातल्या अनेक वाडी-वस्तीवरच्या शाळा चौथीपर्यंतच असतात. म्हणजे या मुलाचे गावच्या शाळेतले शिक्षण आता संपत आले. या संपूर्ण काळात त्याच्या शाळेसाठी जिल्हा परिषदेच्या सभागृहात प्रश्न विचारणारा एकही निवडून आलेला सदस्य नव्हता. फेब्रुवारी २०१७ मध्ये निवडून आलेल्या सदस्यांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि त्यानंतर पुणे जिल्हा परिषदेवर प्रशासकराज आले.

आता निवडणुकीची चाहूल लागली आहे. स्थानिक स्वराज्य संस्थांच्या रखडलेल्या निवडणुका ३१ जानेवारी २०२६ पर्यंत पूर्ण करा, असे सर्वोच्च न्यायालयाने १६ सप्टेंबरच्या आदेशात बजावले. जिल्हा परिषद गटांची आरक्षण सोडत १३ ऑक्टोबरला निघाली. पुणे जिल्ह्यात ७३ गट आणि पंचायत समितीचे १४६ गण आहेत. त्यापैकी शिरूर आणि दौंड या दोन्ही तालुक्यांत प्रत्येकी सात गट आणि चौदा गण येतात. माजी सदस्य, त्यांचे कुटुंबीय आणि नवे इच्छुक कामाला लागले आहेत. ‘शाळेच्या खोल्या बांधल्या’, ‘शाळा डिजिटल केली’, ‘शिक्षक मिळवून दिले’ ही वाक्ये प्रचारात हमखास येणार आहेत.

यातले काय खरोखर सदस्याच्या हातात असते? काय नसते? आणि पुन्हा मत मागायला येणाऱ्याचे प्रगतिपुस्तक मतदाराने कसे तपासायचे?

आपल्याकडे ‘स्कूल बोर्ड’ असते का?

अमेरिकेत बहुतेक ठिकाणी शाळांचा कारभार पाहणाऱ्या मंडळाचे सदस्य लोक थेट मतदानाने निवडतात. त्या निवडणुकीत फक्त शाळेवरच चर्चा होते. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात आज असे स्वतंत्र मंडळ नाही, पण पूर्वी होते. मुंबई प्रांताच्या १९२३ च्या प्राथमिक शिक्षण कायद्याने शाळांचा कारभार लोकल बोर्डांकडे सोपवला आणि त्यासाठी ‘स्कूल बोर्ड’ आले. स्वातंत्र्याच्या वर्षी, १९४७ मध्ये, नवा कायदा झाला आणि जिल्हा स्कूल बोर्डांची घडी बसली. जुन्या पिढीतले लोक आजही प्राथमिक शाळेला ‘बोर्डाची शाळा’ म्हणतात, ते यामुळेच.

१ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि प्राथमिक शाळा त्यांच्याकडे आल्या. तेव्हापासून शाळा हा रस्ते, पाणी, आरोग्य, शेती यांच्यासोबतचा अनेक विषयांपैकी एक विषय झाला. मतदार ‘शिक्षण सदस्य’ निवडत नाही. तो गटाचा सदस्य निवडतो आणि त्यातले काही जण पुढे जिल्हा परिषदेच्या शिक्षण समितीवर जातात. जिल्ह्यातल्या साडेतीन हजारांच्या आसपास शाळांचे प्रश्न या समितीसमोर येतात. प्राथमिक शिक्षणाधिकारी समितीचे सचिव असतात.

पुणे जिल्ह्याने याआधी चांगली सदस्य पाहिली आहे का?

हो, आणि तीही स्वातंत्र्याच्या आधीच्या काळात. १९३८ मध्ये बारामतीच्या शारदाबाई पवार पुणे जिल्हा लोकल बोर्डावर निवडून गेल्या. बोर्डात त्या एकमेव महिला होत्या. त्यांचे शिक्षण पुण्याच्या सेवासदनमध्ये झाले होते. १२ डिसेंबर १९४० रोजी त्यांचे पुत्र शरद यांचा जन्म झाला आणि तीन दिवसांच्या बाळाला सोबत घेऊन त्या बोर्डाच्या बैठकीला पुण्यात गेल्या, ही आठवण खुद्द शरद पवार यांनी अनेकदा सांगितली आहे. १९५२ पर्यंत त्या बोर्डावर होत्या.

पवार कुटुंबाच्या पुढच्या राजकारणाबद्दल कोणाचे मत काहीही असो, या प्रसंगाचा अर्थ साधा आहे. सदस्याचे पहिले काम सभेला हजर राहणे हे आहे. कायद्यानुसार जिल्हा परिषदेची सर्वसाधारण सभा दर तीन महिन्यांतून एकदा तरी व्हावी लागते. पाच वर्षांत किमान वीस सभा होतात. त्यातल्या किती सभांना सदस्य हजर होता आणि शाळेबद्दल किती वेळा बोलला, हे इतिवृत्तात नोंदलेले असते.

सदस्याच्या हातात नेमके काय असते?

प्रचारातला गोंधळ इथेच होतो. चार गोष्टी वेगळ्या करून पाहिल्या की चित्र स्पष्ट होते.

शिक्षकांची भरती : ही आता राज्य पातळीवरून ‘पवित्र’ पोर्टलद्वारे, अभियोग्यता चाचणीच्या गुणांवर होते. ‘मी शिक्षक आणला’ हा दावा इथे टिकत नाही.

बदल्या : एकेकाळी सदस्याचे खरे वजन बदल्यांत दिसायचे. २०१७ पासून जिल्हा परिषद शिक्षकांच्या बदल्या ऑनलाइन पद्धतीने होऊ लागल्या. त्यामुळे सदस्याच्या चिठ्ठीची किंमत कमी झाली. ही सुधारणाच म्हणायला हवी, कारण मर्जीतल्या शिक्षकाला रस्त्यालगतची शाळा आणि बाकीच्यांना आडवळणाची, हा खेळ त्यामुळे बराच थांबला.

पैसा : शाळेकडे पैसा अनेक वाटांनी येतो. समग्र शिक्षा योजनेचे अनुदान पटसंख्येवर ठरते. ३० पर्यंत पट असलेल्या शाळेला वर्षाला १० हजार रुपये, ३१ ते १०० पटाला २५ हजार, १०१ ते २५० पटाला ५० हजार आणि त्यापुढे ७५ हजार ते एक लाख, असे त्याचे टप्पे आहेत. नव्या खोल्या आणि दुरुस्तीसाठी मोठी रक्कम जिल्हा नियोजन समितीतून येते. तिचे अध्यक्ष पालकमंत्री असतात. शिवाय जिल्हा परिषदेचा स्वतःचा सेस निधी, ग्रामपंचायतीकडचा वित्त आयोगाचा निधी आणि रांजणगाव, कुरकुंभसारख्या औद्योगिक वसाहतींच्या परिसरात कंपन्यांचा सीएसआर निधी असतो. फलकावर ‘माझ्या प्रयत्नातून’ असे लिहिलेली खोली यातल्या कोणत्या पैशातून बांधली, हा पहिला प्रश्न आहे. सेस निधी कुठे वापरायचा आणि नियोजन समितीकडे कोणत्या शाळेचे नाव आधी पाठवायचे, यात मात्र सदस्याचा शब्द खरोखर चालतो.

प्रश्न विचारणे : हा अधिकार सर्वांत कमी वापरला जातो आणि त्याला पैसा लागत नाही. शाळेत शिक्षकाचे पद वर्षभर रिकामे का, मंजूर खोलीचे काम अर्ध्यावर का थांबले, पोषण आहाराचे धान्य उशिरा का आले, हे सभागृहात विचारले की अधिकाऱ्याला उत्तर द्यावे लागते आणि ते नोंदवले जाते.

सदस्य नव्हते तर बिघडले काय?

हा प्रश्न रास्त आहे. प्रशासकाच्या काळात पुणे जिल्हा परिषदेने काही दखलपात्र कामे केली. यंदाच जिल्हा परिषद शाळांतल्या मुलांची आयुकाच्या मदतीने परीक्षा घेऊन ५० जणांना इस्रोच्या आणि २५ जणांना अमेरिकेतल्या नासाच्या भेटीसाठी निवडण्यात आले. वाडीवरच्या शाळेतले मूल विमानात बसून नासाला जाते, ही लहान गोष्ट नाही. ‘सदस्य नसले की ठेकेदारी आणि टक्केवारीही नसते,’ असे म्हणणारे शिक्षक आणि पालक भेटतात. त्यांचा अनुभव खोटा ठरवण्याचे कारण नाही.

पण चांगला अधिकारी दोन-तीन वर्षांत बदलून जातो. त्याच्यानंतर येणाऱ्याने ते काम सुरू ठेवलेच पाहिजे, असे सांगणारे कोणी लागते. दुसरे म्हणजे, अधिकाऱ्याला जिल्हा दिसतो. एखाद्या वस्तीवरची अडचण त्याच्यापर्यंत जायला गटशिक्षणाधिकारी, विस्तार अधिकारी, केंद्रप्रमुख, मुख्याध्यापक अशी मोठी शिडी आहे आणि ती खालून वर चढायला वेळ लागतो.

शिरूर तालुक्याने याची किंमत काय असू शकते ते या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जवळून पाहिले. पिंपरखेड परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत लहान मुलांचे जीव गेले. लोक रस्त्यावर उतरले, महामार्ग अडवला गेला. उसाच्या पट्ट्यात घर आणि शाळा यांच्यामध्ये उभा ऊस असतो, हे इथल्या प्रत्येक पालकाला माहीत आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या राज्य नियमांनुसार पाचवीपर्यंतची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत आणि आठवीपर्यंतची तीन किलोमीटरच्या आत हवी. पण हे अंतर नकाशावर मोजले जाते. त्या एका किलोमीटरमध्ये काय दडलेले आहे, हे गावात राहणाऱ्याला कळते. शाळेची वेळ बदलणे, मुलांना गटाने नेण्याची सोय, वाहतुकीची मागणी, वनविभागाशी समन्वय, हे विषय वेळेत मांडायला तालुक्यातले सात सदस्य आणि पंचायत समितीचे चौदा सदस्य असायला हवे होते. ते असते तर हल्ले टळले असते, असा दावा कोणी करू शकत नाही. पण तक्रार घेऊन कोणाच्या दारात जायचे, हे तरी लोकांना माहीत असते.

दोन तालुके, एकाच शाळेचे चार चेहरे

पुढच्या पाच वर्षांत सदस्याला ज्या प्रश्नांना तोंड द्यायचे आहे, ते गटागणिक वेगळे आहेत.

पहिला चेहरा औद्योगिक पट्ट्याचा. शिक्रापूर, सणसवाडी, कोरेगाव भीमा, रांजणगाव, कारेगाव या भागात कामगार कुटुंबे येऊन स्थायिक होत आहेत. मराठवाडा, विदर्भापासून बिहार, उत्तर प्रदेशापर्यंतची मुले एका वर्गात बसतात. इथे अडचण पट वाढण्याची आहे. वर्गखोल्या आणि शिक्षक कमी पडतात आणि घरी मराठी न बोलणाऱ्या मुलाला मराठी शाळेत रुळवायचे असते.

दुसरा चेहरा लहान पटाच्या वस्तीशाळांचा. शिक्षकांची पदे संचमान्यतेने, म्हणजे पटावर ठरतात. पट घसरला की शिक्षक जातो, शिक्षक गेला की उरलेले पालकही मूल काढून घेतात आणि पट आणखी घसरतो. हे चक्र एकदा सुरू झाले की थांबवणे अवघड असते. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने संचमान्यतेचे निकष बदलल्यावर ही भीती वाढली. त्याआधी सप्टेंबर २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांऐवजी समूह शाळा उभारण्याचा विचार शासनाने मांडला होता. त्यासाठी पुणे जिल्ह्यातल्याच पानशेतच्या शाळेचे उदाहरण दिले गेले. समूह शाळेत सोयी चांगल्या मिळू शकतात. पण बस बंद पडली तर पहिलीतल्या मुलीने काय करायचे, याचे उत्तर योजनेत आधी हवे. आपल्या गटातल्या कोणत्या शाळांवर ही वेळ येऊ शकते आणि त्याबद्दल आपली भूमिका काय, हे उमेदवाराने निवडणुकीआधी सांगायला हवे.

तिसरा चेहरा हंगामी स्थलांतराचा. दौंड तालुक्यात साखर कारखाने आहेत, गुऱ्हाळे आहेत. दिवाळीनंतर ऊसतोड कामगारांच्या कोप्या उभ्या राहतात आणि त्यांच्यासोबत शाळा अर्ध्यावर सोडून आलेली मुलेही येतात. गुऱ्हाळांवर परराज्यातली कुटुंबे राबतात. अशा मुलांना जवळच्या शाळेत बसवण्यासाठी शिक्षण हमी कार्डाची पद्धत आहे. मात्र कोपीवर जाऊन ही मुले शोधणे आणि शाळेत आणणे हे काम शिक्षकाच्या उत्साहावर अवलंबून राहते. ही मुले आणि त्यांचे आईवडील इथले मतदार नसतात. म्हणूनच त्यांच्याबद्दल बोलणारा सदस्य कसा आहे, हे त्यातून चटकन कळते.

चौथा चेहरा नावारूपाला आलेल्या शाळांचा. शिरूर तालुक्यातल्या वाबळेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेने गावाच्या सहभागातून काचेच्या वर्गखोल्या उभारल्या आणि तिचे नाव राज्यभर झाले. पुढे प्रवेश आणि देणग्यांवरून तक्रारी झाल्या, मुख्याध्यापक दत्तात्रय वारे यांची चौकशी झाली आणि वाबळेवाडी वादात सापडली. त्याच वारे गुरुजींनी नंतर खेड तालुक्यातल्या जालिंदरनगरची लहानशी शाळा गावकऱ्यांसोबत उभी केली. या ऑक्टोबरमध्ये त्या शाळेला टी४ एज्युकेशनच्या जागतिक शाळा पुरस्कारांत ‘कम्युनिटी चॉइस’ पुरस्कार मिळाला. लोकसहभागाचा हिशेब कोणी आणि कसा ठेवायचा, चांगले काम करणाऱ्या शिक्षकाच्या पाठीशी कधी उभे राहायचे आणि कधी त्याला जाब विचारायचा, हे ठरवणे सदस्याच्या समजुतीची परीक्षा घेणारे काम आहे.

पुन्हा निवडून येणे इतके अवघड का?

पाच वर्षे चांगले काम केलेला सदस्य त्याच गटातून पुन्हा उभा राहीलच, याची खात्री नसते. गटाचे आरक्षण बदलते. निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत, त्याशिवाय अनुसूचित जाती, जमाती आणि ओबीसींच्या जागा आहेत. यंदा नव्या नियमांनुसार आरक्षणाचे चक्र पहिल्यापासून सुरू झाले. गटांच्या सीमाही बदलल्या. २०१७ मध्ये जिल्ह्यात ७५ गट होते, ते आता ७३ झाले.

आरक्षणाने ज्यांना कधीच सभागृह दिसले नसते, अशांना ते दिसले. हे त्याचे मोल कमी लेखता येणार नाही. पण याची दुसरी बाजूही मतदाराने ओळखली पाहिजे. जागा महिलेसाठी राखीव झाली की अनेक ठिकाणी माजी सदस्याची पत्नी, सून किंवा आई उमेदवार होते आणि फलकावर मोठा फोटो माजी सदस्याचाच राहतो. अशा वेळी ‘पाच वर्षांचा हिशेब द्या’ म्हटले की ‘उमेदवार नवीन आहे’ असे सांगता येते आणि ‘अनुभव आहे का’ म्हटले की ‘घरात आहे’ असे सांगता येते. मतदाराने प्रश्न उमेदवारालाच विचारावा आणि उत्तरही तिच्याकडूनच घ्यावे. यात तिचा मान आहे आणि मतदाराचाही.

प्रगतिपुस्तक कसे तपासायचे?

यासाठी कोणाच्या ओळखीची गरज नाही. कागद उपलब्ध आहेत.

१. उमेदवाराचे शपथपत्र : अर्जासोबत शिक्षण, मालमत्ता, देणी आणि गुन्ह्यांची माहिती द्यावी लागते. माजी सदस्य असेल तर २०१७ चे आणि आताचे शपथपत्र शेजारी ठेवून वाचावे.

२. यूडायस प्लस : प्रत्येक शाळेला यूडायस क्रमांक असतो. त्यावरून पट, शिक्षक, खोल्या, स्वच्छतागृहे यांची माहिती ऑनलाइन पाहता येते. आपल्या शाळेचा काही वर्षांपूर्वीचा आणि आताचा पट पाहिला तरी बरेच काही समजते.

३. सभांची इतिवृत्ते : २०१७ ते २०२२ मधली सर्वसाधारण सभेची आणि शिक्षण समितीची इतिवृत्ते माहिती अधिकारात मागता येतात. उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत असते, त्यामुळे अर्ज आताच करावा लागेल.

४. कामाचा फलक आणि मंजुरीचा आदेश : खोलीचे काम कोणत्या योजनेतून, किती रकमेचे, कधी मंजूर झाले आणि कधी पूर्ण झाले, हे पंचायत समितीच्या शिक्षण आणि बांधकाम विभागात कळते.

५. शाळा व्यवस्थापन समिती : शिक्षण हक्क कायद्यानुसार या समितीत ७५ टक्के सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला. अध्यक्ष पालकांमधूनच होतो. सदस्य कधी समितीच्या बैठकीला आला का, शाळेच्या विकास आराखड्याबद्दल त्याने काही विचारले का, हे समितीतल्या आयांना विचारावे. फलकापेक्षा त्यांचे उत्तर भरवशाचे असते.

आणि पालकांची जबाबदारी?

सगळा भार सदस्यावर टाकूनही चालणार नाही. शाळा व्यवस्थापन समिती ही मतदारांच्या सर्वांत जवळची निवडणूक आहे. ती पालकांच्या सभेत होते. अनेक गावांत त्या सभेला मोजके पालक येतात, नावे आधीच ठरलेली असतात आणि रजिस्टरवर सह्या होतात. ज्या पालकांनी दोन वर्षांत एकदाही समितीची बैठक पाहिली नाही, त्यांना सदस्याला जाब विचारताना अडखळायला होते. वाबळेवाडी असो की जालिंदरनगर, दोन्ही ठिकाणी शाळा बदलली ती गाव शाळेत येऊ लागल्यावर.

जिल्हा परिषदेच्या शाळेत मूल पाठवणारा पालक हा बहुधा शेतमजूर, लहान शेतकरी, कामगार किंवा स्थलांतरित असतो. ज्यांना परवडते त्यांची मुले सकाळी इंग्रजी शाळेच्या पिवळ्या बसमध्ये बसतात. त्यात मत मागायला येणाऱ्यांचीही मुले-नातवंडे असतात. हा त्यांचा खासगी निर्णय आहे. पण ‘आमच्या मुलांच्या शाळेसाठी तुम्ही सभागृहात काय बोललात आणि पुढे काय बोलणार?’ हा प्रश्न मात्र सार्वजनिक आहे.

पावणेचार वर्षे हा प्रश्न विचारायला समोर कोणी नव्हते. आता येत्या काही आठवड्यांत ते स्वतःच्या पायांनी दारात येतील. चौथीतले मूल पुढच्या वर्षी दुसऱ्या शाळेत जाईल. त्याच्या धाकट्या भावंडाची पहिली मात्र जूनमध्ये त्याच शाळेत सुरू होणार आहे आणि पुढची पाच वर्षे त्या शाळेबद्दल कोण बोलणार, हे ठरवणे आता मतदारांच्या हातात आहे.